मागची डावी सीट

शिवलिंगअप्पांच्या मोटारीत कितीही माणसं कोंबली, तरी मागची डावी सीट रिकामी राहायची. पुढे अप्पा आणि आणखी दोघं, मागे उजव्या अंगाला एकमेकांच्या मांड्यांवर दोघं-तिघं, आणि डावीकडे क्रोशाच्या पांढऱ्या रुमालाखाली ऐसपैस मोकळी जागा. एकदा मी शिकवायचो त्या शाळेचे हेडमास्तर हुद्द्याच्या सवयीनं थेट तिथं जाऊन बसले. अप्पांनी चालू केलेलं इंजिन बंद केलं आणि समोर बघत म्हणाले, "ती जागा राखीव हाय साहेब."

"कोणासाठी?"

"बसणाऱ्या माणसासाठी."

"मग मी काय करतोय?"

"तुमी उतरताय."

स्टेशनापर्यंतचा प्रवास हेडमास्तरांनी शाळेच्या शिपायाच्या मांडीवर केला. त्यानंतर आठवडाभर शाळेतली शिस्त जरा ढिली होती.

दुसरी गोष्ट आरशाची. मोटारीतल्या आरशात इतरांना मागचा रस्ता दिसतो. अप्पांनी तो अशा कोनात पिळून ठेवला होता की त्यात फक्त ती रिकामी सीट दिसे. मागून ट्रक कितीही कोकलला तरी अप्पांच्या लेखी मागे कोणी नसे. मी एकदा घाबरत विचारलं, तर म्हणाले, "मागचा बघतोय की आपल्याला. एका कामाला दोगं कशाला?"

अप्पांचं शुक्रवार पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्याच घराच्या माडीवर मी भाडेकरू. अप्पा साठीच्या आसपासचे, काटकुळे, डोळ्याला भिंग लावून लावून एक भुवई कायमची वर चढलेली, त्यामुळे समोरचा काहीही बोलला तरी अप्पांना ते पटलेलं नाही असं वाटे. बहुतेक वेळा ते खरंही असे. बायको जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

त्यांच्याबरोबर चालणं अशक्य होतं, त्यांच्या मागून चालता येई. ताडताड पुढे जात आणि मागे वळून म्हणून बघत नसत. एकदा देवळातून परतताना घड्याळाच्या केसासारख्या स्प्रिंगवर ते माझ्याशी बोलत होते. मी वाटेत पानाच्या दुकानावर थांबलो. अप्पा घरापर्यंत माझ्याशी बोलत गेले.

त्यांचं खरं वैर होतं गिरणीच्या भोंग्याशी. सगळं सोलापूर भोंग्यावर उठतं, जेवतं, झोपतं. अप्पांच्या हिशेबानं भोंगा दीड मिनिट मागे होता. हे सांगायला ते गिरणीच्या फाटकावर तीनदा गेले आणि तीनदा परत पाठवले गेले. "सगळं गाव दीड मिनिट उशिरा जगतंय मास्तर," ते मला म्हणायचे, "आनि कुणाला पत्ता न्हाई."

अशा माणसानं मोटार का घ्यावी, हे पेठेला कोडं होतं. दुष्काळ नुकताच सरला होता, पेट्रोलचे भाव चढले होते, म्हणजे कोणताही शहाणा माणूस असलेली मोटार विकेल अशा वेळी अप्पांनी एका डॉक्टरची जुनी मोटार हप्त्यावर घेतली. घरापासून दुकान पायी चार मिनिटांवर. मोटारीनं अकरा मिनिटं लागत, कारण बोळातून ती उलटी काढावी लागे आणि उलटं जाताना अप्पा आरशात सीट बघत. शिवाय कोट, फेटा घालून बसायचं आणि निघण्याआधी घरासमोरच तीनदा हॉर्न वाजवायचा. का, तर मोटार निघाली हे मोटारीला कळावं म्हणून. मला कोणाचाही थाट पाहिला की हसू येतं, पण अप्पांचा थाट बघायला त्यांच्याशिवाय कोणी नसे, म्हणून मी तो माफ केला होता.

पहिल्या वर्षी फायनान्सवाल्यांनी सक्तीनं मोटारीचा विमा उतरवला होता. वर्ष संपल्यावर नवा हप्ता भरायची वेळ आली तेव्हा अप्पा विम्याच्या कचेरीत गेले. मी बरोबर होतो.

"वर्षभरात आमच्या गाडीला धक्काबी लागला न्हाई," अप्पा म्हणाले.

"अभिनंदन," कारकून म्हणाला.

"मग पैसे परत द्या की."

कारकुनानं समजावलं. विमा म्हणजे काय, जोखीम म्हणजे काय. अप्पांची भुवई आणखी वर गेली. "हे बगा, मी घड्याळ उघडून बघतो. आत कायबी बिघाड निघाला न्हाई, तर गिऱ्हाइकाकडनं एक पैसा घेत न्हाई. तुमी तर उघडूनबी बघितलं न्हाई."

अप्पांनी विमा बंद केला आणि स्वतःचा सुरू केला. दर सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात जायचं, पूजेचा नारळ मोटारीत काचेखालच्या फळीवर ठेवायचा, आठवडाभर तो मोटारीतून फिरवायचा, पुढच्या सोमवारी फोडून पेठेत प्रसाद वाटायचा आणि नवा नारळ बसवायचा. "त्या कंपनीनं कधी खोबरं दिलंय का कुणाला?" हा त्यांचा सवाल होता.

आता ही मोटार चालत कशासाठी होती, ते सांगायला हवं. पेठेतल्या आणि आसपासच्या गरिबाघरच्या लग्नांसाठी. वरातीला अप्पा मोटार फुकट देत, स्वतः चालवत. अट एकच, नवरी मागे डाव्या सीटवर बसणार. त्या दिवशी रुमाल काढून घडी करून खिशात जाई. नवरा कुठेही बसला तरी चालेल, नाही बसला तरी हरकत नाही. एका बड्या व्यापाऱ्यानं मुलाच्या वरातीसाठी भाडं देऊ केलं तेव्हा अप्पा म्हणाले, "तुमची सून तुमच्या गाडीतनं आणा. माझी गाडी जिला गाडी न्हाई तिच्यासाठी हाय."

त्या वर्षी यल्लय्याच्या लक्ष्मीचं लग्न ठरलं. यल्लय्या पेठेच्या पलीकडे मागावर चादरी विणायचा, घरात तेलुगू आणि बाहेर स्वतःचं असं मराठी बोलायचा. अप्पांनी त्याला शब्द दिला होता. गुरुवार, संध्याकाळचे पाच, भोंग्याचे नव्हे, अप्पांचे.

आणि लग्नाला तेरा दिवस असताना मोटार फुटली.

कुंभारी गावच्या शाळेतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून आम्ही दोघं तिकडे निघालो होतो. मी पुढे. नारळ फळीवर. रस्ता एका ठिकाणी डावीकडे वळतो. मोटार डावीकडे वळली, नारळ उजवीकडे गेला, फळीवरून टपकन अप्पांच्या पायांत पडला आणि घरंगळत ब्रेकखाली जाऊन बसला. समोर शेळ्या. अप्पांनी ब्रेक दाबला. ब्रेक नारळावर बसला. शेळ्यांना चुकवून मोटार रस्त्याकडेच्या एका जाड लिंबाला जाऊन भेटली.

धूळ बसल्यावर मी चष्मा शोधला. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. मोटारीचं तोंड वाडग्यासारखं आत गेलं होतं, वाफा निघत होत्या. अप्पा सगळ्यात आधी मागे वळले, रिकामी सीट बघितली, रुमाल सारखा केला. मग वाकून ब्रेकखालचा नारळ बाहेर काढला. नारळाला ओरखडासुद्धा नव्हता.

"बघितलं मास्तर?" ते म्हणाले. "माणसाला कायबी झालं न्हाई. पावला की न्हाई?"

अपघाताचं कारण आणि अपघाताचा विमा एकच असल्याचं उदाहरण माझ्या वाचनात तोवर आलं नव्हतं. मी सुचवलं की निदान आता तरी तो फोडावा. अप्पांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "आज शुक्रवार हाय."

जवळच्याच वस्तीवरचा काशिनाथ बैलजोडी घेऊन आला आणि त्यानं मोटारीला दोर बांधला. अप्पा सुकाणू धरून आत बसले, मी पायी. काशिनाथ वाटभर विचारत राहिला, "मालक, शेवटाला वडायला बैलच लागत्यात, तर मदी ही कशाला घेटली?"

अप्पा म्हणाले, "तू बैलांकडं बग."

सोमवारी वेळेवर नारळ फुटला. मीही माझ्या वाट्याचा तुकडा खाल्ला. अपघाताचं कारण चवीला गोड होतं.

रशीदभाई मिस्त्रींनी मोटारीखाली शिरून बघितलं आणि बाहेर येऊन हात पुसले. "अप्पा, रेडिएटर गया, बॉनेट गया, सामने का सबच गया. पुने से सामान आना. एक म्हैना तो नक्कीच लगता."

"गुरवारपत्तर?"

"गुरवार कू नक्को बोलो, अप्पा. चाकां फिरते, हँडल फिरता, इतना कर देता मैं. ढकले तो चलती."

एक महिना असता तरी उपयोग नव्हता. दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे? विमा नाही, मोटार पुरती मोडलेली, आणि हप्ते मात्र धडधाकट. शिवाय मोटार अजून कागदोपत्री फायनान्सवाल्यांचीच होती. त्यांना बातमी कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांचे वसुलीचे बिराजदार दारात हजर झाले. मोटार जप्त करायची ताकीद द्यायला आलेला हा गृहस्थ सायकलवरून आला होता, आणि सायकलही दुसऱ्याची होती.

"अप्पा, विम्याची पॉलिसी दाखवा," बिराजदार म्हणाले.

अप्पांनी आत जाऊन नवा नारळ आणला आणि टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"पॉलिसी."

बिराजदारांनी नारळ फिरवून बघितला. माणूस कामाचा पक्का होता. "ह्याच्यावर कंपनीचा शिक्का नाही."

"शेंडी हाय की."

बिराजदारांना हसू येत होतं, पण ते कचेरीच्या वेळेत होते. खिशातून कागद काढून त्यांनी वाचून दाखवलं. विमा चालू ठेवणं ही अट होती, अट मोडली, तेव्हा गाडी आहे त्या अवस्थेत ताब्यात घेऊन लिलावात काढायची, येईल ते कर्जात वळतं करायचं, उरलेलं अप्पांनी फेडायचं. "साहेबांनी तारीख दिलीय. गुरुवार, संध्याकाळी पाच. मी हमाल घेऊन येतो."

"गुरवारी पाचला तर आमची वरात हाय ओ."

"ते मला सांगू नका, अप्पा. माझी नोकरी आहे."

"बरं," अप्पा म्हणाले. "पण पाच म्हंजे पाच. भोंग्यावर येऊ नका, दीड मिनिट उशीर हुतंय."

बिराजदार गेल्यावर यल्लय्या आला. त्याला सगळं कळलं होतं. पायरीवर बसून तो टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "अप्पा, तुमी वाईट नका वाटून घेऊ. माझी लक्ष्मी म्हणते, गाडी नाही तर नाही. दोन गल्ल्या तर आहे. चालत जाते म्हणते."

अप्पांना मी चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. भोंग्यावरसुद्धा ते दुःखानंच बोलत. पण त्या दिवशी हातातला चिमटा त्यांनी टेबलावर आपटला. एका मनगटी घड्याळाची आतडी सगळीकडे उडाली.

"चालत न्हाई! माझ्या पेठेतनं नवरी चालत जाणार न्हाई, सांगून ठेवतो!"

यल्लय्या उठून उभाच राहिला. मीही. अप्पा खाली वाकले आणि जमिनीवरचे स्क्रू वेचू लागले. मी टांगा सुचवणार होतो, पण मीही स्क्रू वेचायला बसलो.

ते बाकीचे दिवस पेठेत कामं कशी झाली कोणास ठाऊक. अप्पा कुंभारीला पायी जाऊन आले. शाळेचं घड्याळ दुरुस्त करून दिलं, कारण शब्द दिला होता, आणि येताना काशिनाथला गाठलं. त्याच्या बापाचं खिशातलं घड्याळ अप्पांनी पूर्वी एकदा उघडून बघितलं होतं, बिघाड नव्हता म्हणून पैसे घेतले नव्हते. काशिनाथ ते विसरला नव्हता. यल्लय्यानं मागावरच्या चार नव्याकोऱ्या चादरी आणल्या, लाल जमिनीवर हिरवे मोर असलेल्या. त्या मोटारीच्या चेपलेल्या तोंडावर ताणून बांधल्या. वर झेंडूच्या माळा. जिथे दिवे होते तिथे पितळेची दोन ताटं. काशिनाथचे बैल शिंगांना रंग लावून, पाठीवर झूल घालून जुंपले गेले. त्या सोंगाला मोटार म्हणायला माझी जीभ धजावेना, पण मोटारीपेक्षा ते कितीतरी देखणं होतं हे मान्य करावंच लागेल.

गुरुवारी पाचला दोन मिनिटं असताना बिराजदार आले. चार हमाल, एक कागद. लक्ष्मी दारातून बाहेर पडत होती, बँडवाले गाल फुगवून तयार होते. बिराजदारांनी चादरी बघितल्या, मोर बघितले, बैल बघितले.

"अप्पा, हे बरं नाही. गाडी आज माझ्या ताब्यात यायला पाहिजे."

अप्पांनी कोटाच्या खिशातून घड्याळ काढून बघितलं. "तुमचं गोडाउन कुटं हाय?"

"अशोक चौकाच्या पलीकडे."

"नवऱ्याचं घर अलीकडं हाय. वरात तिकडंच चाललीय की. बैल आमचे, वडणारे आमचे, बँडबी आमचा. नवरीला उतरवू आनि गाडी तशीच पुढं तुमच्या गोडाउनात. तुमच्या हमालांची मजुरी वाचली. आनि ताबा पायजे तर पुढं या, माज्या शेजारी बसा."

बिराजदारांनी कागद पुन्हा वाचला. बैलांविरुद्ध त्यात काही नव्हतं. हमालांपैकी एक म्हणाला, "बसा साहेब, लई छान हाय," आणि कोणीतरी त्यांच्या डोक्यावर फेटा ठेवला.

पाचला वरात हलली. भोंगा त्यानंतर दीड मिनिटानं झाला, हे मी स्वतः ऐकलं.

अशी वरात पेठेनं पुन्हा बघितली नाही. पुढे बँड, मागे बैल, मागे मोर, मोरांमागे सुकाणू धरून ताठ बसलेले अप्पा, शेजारी जप्तीचा कागद मांडीवर घेतलेले बिराजदार, ज्यांना दोन्हीकडच्या बायका नवऱ्याचा मामा समजून ओवाळत होत्या. चौथ्या ओवाळणीनंतर त्यांनी नाही म्हणणं सोडून दिलं आणि ताटात चार आणे टाकले. हमाल बँडपुढे नाचत होते. रशीदभाई मागून ढकलत होते, गरज नसताना. काशिनाथ दोन्हीकडच्या गर्दीला ओरडून सांगत होता, "पेट्रोल लागत न्हाई, पेंड लागतीय!"

आणि मागच्या डाव्या सीटवर हिरव्या शालूत लक्ष्मी. बैल ओढत होते, त्यामुळे रस्त्याकडे बघायची अप्पांना गरज नव्हती. सगळ्या वाटेभर त्यांची नजर आरशात होती.

नवऱ्याच्या दारात लक्ष्मी उतरली, वाकून अप्पांच्या पाया पडली. तिथून मोटार गोडाउनकडे गेली. बँडवाल्यांचे पैसे तिथपर्यंतचे नव्हते, पण तेही वाजवत आले. बिराजदारांनी फेटा काढला, घाम पुसला आणि पावती लिहिली: "मोटार एक, मोडकी, हारांसह." चादरी यल्लय्यानं सोडवून घेतल्या. मोटारीचं खरं तोंड पुन्हा उघडं पडलं. अप्पांनी तिकडे बघितलं नाही. खिशातून रुमाल काढून डाव्या सीटवर अंथरला, क्षणभर हात ठेवला, मग पुन्हा उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला.

लिलावात फारसं काही आलं नाही. उरलेले हप्ते अप्पांनी पुढे दीड वर्ष, नसलेल्या मोटारीपायी, ठरल्या दिवशी ठरल्या मिनिटाला भरले. बिराजदार त्यांच्या येण्यावर कचेरीचं घड्याळ लावत. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं पायी घरी निघालो. दोन्हीकडच्या घरांतून मागांचा खटखटाट येत होता. अप्पा पुढे बघतच म्हणाले, "आमच्या हिला स्टेशनावरनं आणली तवा मे महिना होता, मास्तर. आमच्या वडलांचं टांगेवाल्याशी भाड्यावरनं वाजलं. म्हणाले, चला पायी. तिच्या डोक्यावर ट्रंक. मी पुढं. तवाबी असाच चालायचो. पेठेत पोचलो, दारात मागं बघितलं, तर ही न्हाई."

"म्हणजे?"

"चुकली की. अक्कलकोटाकडची, कानडी मुलुखातली. मराठी अक्षर येत न्हवतं, रस्ता कुणाला विचारनार? तासाभरानं एक विड्या वळणारी बाई हाताला धरून घेऊन आली. कायबी बोलली न्हाई ही. तीस-बत्तीस वर्षं बोलली न्हाई. दुखण्यात एकदाच, ते पन हसत, म्हणाली, गाडीतनं आले असते तर चुकले नसते."

त्यांनी खिशातला रुमाल चाचपला. "गाडी घेतली, पन ती न्हवती."

कुठल्यातरी गिरणीचा सातचा भोंगा झाला. अप्पांनी खिशातलं घड्याळ काढलं नाही.

साखर पेठेच्या कोपऱ्यावर सुताच्या गाठोड्यांनी भरलेली एक हातगाडी आमच्या दोघांच्या मध्ये आली आणि मी अलीकडे अडकलो. अप्पा नेहमीच्या चालीनं ताडताड पुढे गेले. आता ते घरापर्यंत माझ्याशी बोलत जाणार, असं मी धरून चाललो. पण पंधरा-वीस पावलांवर ते थांबले. वळले. गर्दीत डोळे बारीक करून, चढलेली ती भुवई खाली आणून, माणसामाणसात शोधत राहिले. मी दिसलो तेव्हा हात वर केला.

"येताय न्हवं मास्तर?" ते म्हणाले, आणि मी शेजारी पोचेपर्यंत तिथंच उभे राहिले.